आई एकटी राहते, कॅमेरा नको म्हणते. लांबून लक्ष ठेवायला काय करता येईल?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आई ७६ वर्षांची. सांगलीला विश्रामबागेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी तिच्या मागे लागलोय, पुण्याला चल म्हणून. पण माझं घर, माझं देवघर, माझी भिशी यापुढे गाडी सरकत नाही. गुडघे दुखतात, बीपी आहे, थोडी साखर आहे. डोकं मात्र आमच्यापेक्षा तल्लख, दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब अजून तोंडी करते.

मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. धुणंभांड्याच्या मावशी आल्या तर बाहेरच्या दाराला आतून कडी. त्या बाहेरून हाका मारतायत, ही आतून ओ देतेय. शेवटी बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत आली आणि काठीने कडी पाडली. आम्हाला यातलं काहीच कळवलं नाही. मावशींकडून कळलं, तेही बोलता बोलता.

बहीण म्हणते घरभर कॅमेरे लावू. आई म्हणते, "कॅमेरे सराफाच्या दुकानात लावतात. माझ्याकडे काय आहे चोरायला?" विषय संपला.

घड्याळं, सेन्सर, गळ्यात घालायची बटणं असं बरंच काही मिळतं म्हणे. तुमच्यापैकी कुणी वापरलंय? जाहिरातीतलं नको, घरात खरोखर टिकलेलं सांगा. आणि मुख्य म्हणजे ज्येष्ठांनी काय चालवून घेतलं तेही सांगा.

टवाळ बंड्या

सराफाच्या दुकानातला कॅमेरा निदान गिऱ्हाइकं बघतो. इथे दिवसभर मालिका बघणारी आई बघायची. म्हणजे मालिकेत मालिका.

(गंभीर धागा आहे. बाजूला बसून वाचतो.)

चाफेकळी

आमच्याकडे सासऱ्यांसाठी हॉलमध्ये कॅमेरा होता. हेतू चांगला होता, पण नणंद सिएटलला. तिची रात्र म्हणजे इथला दिवस, झोप नाही आली की कॅमेरा उघडायची. मग स्पीकरमधून आकाशवाणी: "बाबा, दुसरा लाडू घेतलात!" म्हातारा माणूस दचकून लाडूसकट उडायचा. महिनाभर सोसलं, मग एके दिवशी कॅमेऱ्यावर पंचा पडला. काढला की पुन्हा पडायचा. शेवटी तह झाला. कॅमेरा उचलून बाहेरच्या दारावर लावला, कोण आलं गेलं एवढंच दिसेल असा. त्याला त्यांची हरकत नव्हती, उलट सेल्समनना आतूनच परतवायला लागले.

त्यामुळे आईंच्या बाजूने एक मत माझं.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) टेलिकेअर, म्हणजे लांबून देखरेखीच्या विभागात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथली जुनी पद्धत साधी आहे. गळ्यात किंवा मनगटावर एक बटण आणि घरात फोनला जोडलेला एक डबा. बटण दाबलं की चोवीस तास माणसं असलेल्या केंद्रात फोन लागतो आणि डब्यातूनच आवाज येतो, "काय झालं? बरं आहे ना?" उत्तर आलं नाही तर यादीतल्या पहिल्या माणसाला फोन, मग दुसऱ्याला, मग ॲम्ब्युलन्स. दाराबाहेर भिंतीवर आकड्यांचं कुलूप असलेली लोखंडी डबी असते, तिच्यात घराची किल्ली. तो आकडा केंद्राला माहीत असतो.

आता यातली मेख. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या ११० जणांचा वर्षभर मागोवा घेतलेला एक अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. जे पडले त्यांच्यातले ३० टक्के लोक कधी ना कधी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. बटणं पुष्कळांकडे होती. दाबली गेली नाहीत. का, ते मी कामावर नेहमीच ऐकतो. बटण खुंटीला होतं. एवढ्यातेवढ्यासाठी लोकांना कशाला त्रास. आणि सगळ्यात जास्त वेळा, एकदा हॉस्पिटलात नेलं की पुन्हा घरी आणणार नाहीत ही भीती. ज्येष्ठांसाठीच्या इमारतींत बाथरूममध्ये जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी असते, पडलेल्या माणसाला ओढता यावी म्हणून. पायात येते म्हणून लोक ती वर गाठ मारून ठेवतात. आम्ही भेटीला गेलो की पहिलं काम म्हणजे गाठ सोडणं.

तुमच्या आईंनी घडलेलं सांगितलंच नाही ना? त्यांच्या हातात बटण दिलं तरी त्या दाबतील का, हे आधी बघा.

कृष्णाकाठ

@लीड्सकर, नेमकं हेच. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला उचलून पुण्याला नेलं असतं." खोटं नाही, नेलं असतं.

रेझिस्टर

लीड्सकर यांचा सूर मला जरा जास्तच निराश वाटला. बटण जुनं झालं. आता माणसाने काहीही न दाबता काम होतं.

१. मोशन सेन्सर. शरीराची उष्णता हलली की नोंद होते, चित्र नाही, आवाज नाही. स्वयंपाकघरात सकाळी नऊपर्यंत हालचाल नाही तर मेसेज.
२. दारावरचा चुंबकाचा सेन्सर. बाथरूमचं दार बंद होऊन पाऊण तास उघडलं नाही तर मेसेज.
३. पडणं ओळखणारं घड्याळ. जोराने पडून मिनिटभर हालचाल झाली नाही तर स्वतः फोन लावतं.
४. छतावरचा रडार. चित्र न घेता माणूस उभा की आडवा हे ओळखतो. महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, पण येईल.

कॅमेरा लागतोच कशाला?

लीड्सकर

@रेझिस्टर, निराश नाही, पण आकडे बघितलेत. इंग्लंडच्या सरकारने २००८ पासून न्यूहॅम, केंट आणि कॉर्नवॉलमध्ये मोठी चाचणी घेतली. एका भागात फुप्फुसांचा जुनाट आजार (सीओपीडी), हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांना घरी बीपी-साखर-ऑक्सिजन मोजून पाठवायची यंत्रं दिली. ३,२३० माणसं होती. वर्षभरात यंत्रवाल्या गटातले ४.६ टक्के दगावले, बिनयंत्रवाल्यांतले ८.३ टक्के. बातम्यांत खूप वाजलं. नंतर खर्चाचा हिशोब आला तेव्हा एवढा पैसा घालण्याजोगा फायदा दिसला नाही. दुसऱ्या भागात तुम्ही म्हणता तसले सेन्सर होते, पडण्याचे, दाराचे, गॅसचे. त्यांनी हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्याचं दिसलं नाही.

सेन्सर निरुपयोगी आहेत असं म्हणत नाही. मेसेज गेल्यावर पुढे कोण काय करतं, सगळं त्यावर आहे. इथे निदान केंद्रात माणूस बसलाय. सांगलीत मेसेज कुणाला जाणार? पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या मुलीला?

आणि घड्याळ: जोराने आपटलं तर ओळखतं. पलंगावरून हळूच घसरून खाली बसलेलं माणूस त्याला पडलेलं वाटत नाही. शिवाय आंघोळीला काढून ठेवतात आणि रात्री चार्जिंगला लावतात. पडण्याच्या खास वेळा याच.

टवाळ बंड्या

माझ्या आत्याच्या घड्याळाला आरतीच्या टाळ्या पडणं वाटायचं. गणपतीत दहा दिवस आम्हा सगळ्यांना मेसेज. अकराव्या दिवशी विसर्जन झालं, घड्याळाचं.

आबा डोंबिवली

वय ८१. पत्नी निवर्तली, मुलगा कॅनडात. एकटा राहतो. या धाग्यावर ज्यांच्याबद्दल चर्चा चालू आहे त्यांच्यातला मीच एकटा इथे दिसतो, म्हणून चार शब्द.

मुलाने सेन्सर लावले. मी हो म्हणालो होतो. मग एकदा फोनवर विचारतो, "बाबा, काल रात्री पाच वेळा बाथरूमला गेलात, प्रोस्टेट दाखवलंत का?" काळजीनेच विचारलं, मला कळतं. पण मी रेल्वेत सदतीस वर्षं नोकरी केली, माणसं हाताखाली होती. माझ्या लघवीचा तक्ता टोरांटोत उघडतो हे मला सहन झालं नाही.

त्यानंतर आमचा करार झाला. मी पडलो किंवा सकाळी उठलो नाही तर त्याला कळावं. मी रात्री उठून काय करतो, किती चहा पितो, कोण भेटायला येतं, हे कळू नये. त्याने ॲपमध्ये बसून बाकीच्या सगळ्या नोंदी बंद केल्या. सकाळी साडेआठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही, एवढा एकच मेसेज ठेवला. तो आधी मला येतो. मी "ठीक" असं दाबलं की मुलाला जात नाही. वीस मिनिटांत दाबलं नाही तर मुलाला आणि खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना जातो.

ताई, आईसाहेबांना यंत्र दाखवू नका. आधी विचारा, तुझ्याबद्दल आम्हाला काय कळलेलं चालेल?

चाफेकळी

आबा, _/\_

रानजाई

आबांना अनुमोदन. आधी मेसेज त्याच माणसाला, ही कल्पना फार आवडली. खोटे इशारे तिथेच गळून पडतात.

भ्रमर

सगळे सेन्सरवर बोलतायत. मूळ पोस्टमधली कडी कुणाला दिसली नाही का?

माझा धंदा फर्निचर आणि दारांचा. ज्येष्ठ एकटे असलेल्या घरी बोलावणं आलं की मी पहिल्यांदा कड्या बघतो. आपल्याकडे लॅच असतं, वर टॉवरबोल्ट, मधे आडवी कडी, खाली अजून एक बोल्ट. रात्री सगळं लावायचं. शेजाऱ्याकडे दहा किल्ल्या ठेवल्या तरी उपयोग शून्य. दार फोडायला सुतार लागतो आणि सागवानी दार असेल तर अर्धा तास.

काय करायचं: चांगल्या प्रतीचं एकच कुलूप, जे आतून लावलेलं असतानाही बाहेरून किल्लीने उघडतं. दुकानात विचारताना हेच शब्द वापरा, कारण काही कुलुपांत आतून किल्ली राहिली तर बाहेरची चालत नाही. बाकी बोल्ट काढून टाका. नुसतं "लावू नकोस" सांगून भागत नाही, हात सवयीने जातो. भीती वाटत असेल तर बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर करा, त्यालाही तसलंच कुलूप.

बाथरूम: दार आत उघडतं आणि पडलेलं माणूस नेमकं दारामागे असतं. ढकलावं तर त्यालाच लागतं. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं करून घ्या, एका दिवसाचं काम. आतल्या कडीऐवजी नाण्याने बाहेरून फिरवता येणारी खिट्टी मिळते. आणि पकडायचा दांडा भिंतीत नीट ड्रिल करून बसवा. टॉवेलच्या दांड्याला धरून उठणारी माणसं दांड्यासकट खाली आलेली बघितलीत.

एवढं आधी करा, मग रडारबिडार.

रेझिस्टर

@भ्रमर, मान्य. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मला कडी दिसलीच नसती.

सुईदोरा

मी पेशंटच्या घरी जाऊन काम करते, ब्युरोतर्फे. बारा तासांची ड्यूटी. कॅमेऱ्याबद्दल आमची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

कॅमेरा असला तर मला राग नाही. उलट घरातली वस्तू हरवली की पहिलं नाव आमचं येतं, तेव्हा कॅमेरा वाचवतो. पण सांगून लावा. एका घरी आजींच्या खोलीत घड्याळाच्या आत लपवलेला होता. त्याच खोलीत मी कपडे बदलायची. कळल्यावर ते घर सोडलं. आणि आजींना तिथेच स्पंज करायचे मी, डायपर बदलायचे. ते सगळं त्यांचा मुलगा, जावई, कोण कोण बघू शकत होतं. आजींना बोलता येत नव्हतं, म्हणून काय झालं?

अजून एक. कॅमेऱ्यातून सूचना देणारे लोक असतात, "उशी वर करा, पाणी द्या". पेशंट खोकत असताना मी तिला बघू की फोनमधल्या ताईला उत्तर देऊ? दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, मी सगळं दाखवते.

चाफेकळी

@सुईदोरा, हे वाचून अस्वस्थ झाले. लिहिलंत ते बरं केलंत.

निशिगंधा

इथे एक वेगळी बाजू. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. आबांनी सांगितलेला करार त्यांच्याशी करता येत नाही. सकाळी हो म्हणालेले दुपारी विसरतात. रात्री दोनला उठून कपडे करून कचेरीत निघायचे. बाहेरच्या दाराला सेन्सर लावला, उघडलं की आमच्या खोलीत घंटा वाजते. जीपीएसचं घड्याळ दिलं, ते काढून चपलेच्या कपाटात ठेवायचे. शेवटी जीपीएसचा तुकडा त्यांच्या आवडत्या जॅकेटच्या अस्तरात शिवला. त्यांना न सांगता. इथले काही लोक नाक मुरडतील. मुरडा. वडील मध्यरात्री हायवेच्या कडेला सापडलेत, ती रात्र मी काढलीय.

शर्टाच्या कॉलरच्या आत नाव आणि आमचा फोन नंबर शिवलाय. जीपीएसची बॅटरी संपते, शिवलेलं नाव संपत नाही.

आबा डोंबिवली

@निशिगंधा, नाक कुणी मुरडणार नाही. माझी बुद्धी तशी झाली तर माझ्याही जॅकेटात शिवा, असं मी मुलाला आजच कागदावर लिहून देतो.

डॉ. पानसुपारी

जनरल प्रॅक्टिस, गाव सांगत नाही, पेशंट इथेही असतात.

दूरवरच्या मुलांना नम्र विनंती. बीपीचं मशीन पाठवता, चांगलं करता. पण दंडावर बांधायचं पाठवा, मनगटावरचं नको. आणि दिवसातून चौदा वेळा मोजून मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आकडा बघून घाबरायचं, घाबरून पुन्हा मोजायचं, तो अजून वाढलेला. हे चक्र मी रोज बघतो. पद्धत अशी: आठवडाभर सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर मला दाखवा. बस.

साखरेसाठी दंडावर चिकटवायचे सेन्सर आले आहेत, चौदा दिवस चालणारे, आकडा परदेशातल्या मुलालाही दिसतो. इन्सुलिनवर असणाऱ्यांना उपयोगी. पण त्या दंडावर कूस करून झोपलं की सेन्सर दाबला जातो आणि खोटी कमी साखर दाखवतो. रात्री तीनला मुलगा घाबरून शेजाऱ्यांना उठवतो, शेजारी आजोबांना उठवून साखरपाणी पाजतात, सकाळी साखर अडीचशे! आधी बोट टोचून बघा. गोळ्यांवर असलेल्या, साखर जेमतेम वाढलेल्या ७६ वर्षांच्या बाईंना याची गरज नाही.

फोनवर तपासणीला २०२० पासून रीतसर नियमावली आहे, सरकारची ई-संजीवनीही आहे. जुन्या औषधांची चिठ्ठी पुढे चालू ठेवायला उत्तम. पडलेल्या माणसाला मात्र हात लावून बघावंच लागतं.

टवाळ बंड्या

डॉक्टर, "गुड मॉर्निंग"सोबत बीपी पाठवलं तर चालेल का? फुलाच्या चित्रात आकडा टाकून.

डॉ. पानसुपारी

ब्लॉक.

योकोहामाकर

जपानची एक जुनी गोष्ट. झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये आय-पॉट नावाची पाणी गरम ठेवणारी किटली आणली. इथे म्हातारी माणसं दिवसभर हिरवा चहा पितात. किटली वापरली की मुलांना निरोप जातो, बस. कॅमेरा नाही, बटण नाही, अंगावर काही घालायचं नाही. आज आईने चहा केला, म्हणजे आई उठली.

आपल्याकडे चहा गॅसवर होतो, त्यामुळे किटली चालणार नाही. पण आईंची रोजची न चुकणारी विजेची वस्तू कोणती?

कृष्णाकाठ

@योकोहामाकर, टीव्ही! सकाळी देवाची गाणी, संध्याकाळी मालिका. पंचाहत्तरी झाली त्या दिवशीसुद्धा चुकवली नाही, पाहुणे ताटकळत बसले होते.

रेझिस्टर

मग सोपं आहे. वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या, टीव्ही त्यावर लावा. सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत टीव्ही चालू झाला नाही तर मेसेज. हजार-दीड हजाराचं काम. टीव्हीला ६ अँपिअरचा पुरतो. गीझरला तो लावू नका, गीझरचा १६ अँपिअरचा वेगळा येतो, नाहीतर प्लग वितळतो.

आणि एक: वायफाय गेलं की हे सगळं आंधळं. राउटरला छोटा यूपीएस लावा. दिवे गेले की टीव्हीही बंदच राहणार, म्हणजे मेसेज खोटा असू शकतो. दोन खुणा ठेवा, टीव्ही आणि फ्लॅटचं दार. दोन्ही गप्प असतील तरच काळजी.

लीड्सकर

विजेवरून आठवलं. इथे तांब्याच्या तारांची जुनी फोनलाइन बंद होतेय. आधी २०२५ अखेर ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ वर गेलं, आणि पुढे ढकलण्याचं मोठं कारण हे बटणवाले डबेच. जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. नव्या लाइनला घरातली वीज लागते. बॅटरी नसेल तर बटण मुकं. लाखो घरांत जाऊन डबे बदलायचं काम चालू आहे.

रानजाई

आमचा जुगाड सांगते, हसू नका. कॉर्डलेस डोअरबेल मिळते ना, बटण वेगळं आणि वाजणारा भाग वेगळा? सासूबाईंच्या बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर बटण चिकटवलं. दुसरं बटण पलंगाशी. आणि घंटा समोरच्या जोशीकाकूंच्या घरात! ना वायफाय, ना ॲप. खोक्यावर शंभर मीटर लिहितात, पण मधे भिंती असल्या की कमी होतं, म्हणून लावायच्या आधी दोन्ही घरांची दारं बंद करून तपासा. बटणावर पाणी उडू नये म्हणून पारदर्शक प्लास्टिक. दर एकादशीला सासूबाई एकदा वाजवून बघतात आणि काकू साबुदाण्याच्या खिचडीला येतात. तपासणीची तपासणी.

सासूबाईंनी खरंच ती एकदा वापरली. चक्कर आली होती. काकू दोन मिनिटांत आत. किल्ली होती, कडी नव्हती (भ्रमरदादा ऐकताय ना).

भ्रमर

ऐकतोय. खिचडी राहिली असेल तर तीही सांगा.

देवनागरी डबा

एक धोक्याची सूचना. आईवडिलांचा फोन लांबून दुरुस्त करायला आपण स्क्रीन शेअर करणारी ॲप टाकतो, "आई, आलेला नंबर सांग, ओके दाब". दहा वेळा असं केलं की त्यांना सवय होते, फोनवरचा माणूस सांगेल ते दाबायची. मग बँकेतून बोलतोय म्हणणारा तेच करायला सांगतो. आमच्या इमारतीत एका निवृत्त शिक्षकांना "डिजिटल अरेस्ट"वाल्यांनी व्हिडिओ कॉलवर दिवसभर बसवून ठेवलं. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितकं परत मिळणं अवघड.

घरात एक परवलीचा शब्द ठरवा. आमचा आहे आजोळच्या म्हशीचं नाव. कुणीही "मी तुमच्या मुलाचा मित्र" म्हणाला की आई म्हशीचं नाव विचारते.

टवाळ बंड्या

आता म्हशीचं नाव कळायला हवं.

देवनागरी डबा

सांगितलं तर बदलावं लागेल, आणि म्हैस वारली आहे.

आबा डोंबिवली

अवांतर, पण पेन्शनर वाचत असतील. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. बोटांचे ठसे झिजल्याने माझे मशीनवर उमटत नसत, दरवर्षी बँकेत शोभा. मुलाने व्हिडिओ कॉलवर शिकवलं, मी घरी बसून केला. दूरच्या मुलाचा खरा उपयोग झाला तो तिथे.

सुईदोरा

नंबर लिहून ठेवा मोठ्या अक्षरात, फ्रिजवर. १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, माहिती आणि मदतीसाठी, ती ॲम्ब्युलन्स नाही. आणि कागदावर औषधांची नावं, रक्तगट, ॲलर्जी. ॲम्ब्युलन्सवाले आले की घरातला माणूस घाबरलेला असतो, काही आठवत नाही.

गॅसचा अलार्म लावणार असाल तर सिलिंडरचा गॅस जड, खाली साचतो, अलार्म जमिनीजवळ. पाइपचा गॅस हलका, अलार्म छताजवळ. एका घरी उलटा लावलेला बघितला.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले. आबांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मी सकाळी उठले की नाही ते कळू दे. बाकी जे कळवायचं ते मी फोनवर सांगेन, आणि जे सांगणार नाही ते विचारायचं नाही. आणि पडले तर पुण्याला न्यायचं नाही, हे आधी कबूल करा. बहीण कबूल होईना. "आणि मोडलं काही तर?" मोडलं तर बरं होईपर्यंत, पुढचं नंतर, इथवर दोघींना आणलं. लिहून वगैरे दिलं नाही, पण मावशींच्या समोर झालंय.

मग कामं. सुताराने टॉवरबोल्ट काढले, त्याची भोकं आईने स्वतः मेण भरून बुजवली, वाईट दिसतात म्हणून. नवीन कुलूप बसलं, एक किल्ली समोरच्या वहिनींकडे, एक मावशींकडे. बाथरूमच्या दाराचं काम पुढच्या आठवड्यात. टीव्हीचा प्लग लावला. मेसेज आधी आईला, मग वहिनींना आणि मला. पहिल्याच सकाळी मेसेज आला. आई मुद्दाम टीव्ही न लावता बसली होती, वहिनी खरंच येतात का बघायला. आल्या.

रानजाईची बेल घेतली, पण वहिनींच्या घरात वाजत नाही, मधे लिफ्टचा डक्ट आहे. खालच्या मजल्यावर वाजते, तिथे नवीन भाडेकरू आहेत, कॉलेजची मुलं. आईला ती चालतील, बहिणीला चालणार नाहीत. रिपीटर मिळतो का या बेलना?

रेझिस्टर

काही मॉडेलना मिळतो, पण त्यापेक्षा त्याच बटणाला जोडता येणारी दुसरी घंटा घ्या. एक वहिनींच्या दाराशी बाहेरच्या भिंतीवर लावून बघा, डक्टच्या अलीकडे. प्लगात खोचायची घेतलीत तर बाहेर सॉकेट लागेल, बॅटरीवाली बघा.

आबा डोंबिवली

ती मुलंही ठेवा यादीत. रात्री दोनला जागी तीच असतात.